दातांचं नाव

"दातांचं नाव सांगू नका मला. किती वेळा झालं ते मोजा."

आई एवढ्या चढ्या आवाजात फार क्वचित बोलते. 2024च्या ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता तो. बडोद्यातल्या विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 25 फूट, आणि पाणी 35 फुटांच्या वर गेलेलं. कारेलीबागेतली आमची सोसायटी पाण्यात उभी होती. तळमजल्यावरच्या घरांतलं सामान जिन्यात आलेलं, त्यात गाद्या, मिक्सर, शाळेची दप्तरं, कुणाचे तरी देव. वीज नव्हती. मोबाइल जपून वापरायचे म्हणत म्हणत छतावर चढून बसलेल्या मगरीचा व्हिडिओ मात्र सगळ्यांनी पाहिला होता. माझी लेक माहेरपणाला पुण्याहून आलेली, कडेवर आठ महिन्यांची नात. त्या दिवशी दुपारपासून नातीला पातळ शी होऊ लागली. समोरच्या बा मेणबत्ती मागायला आल्या. त्यांनी नातीचं चिंब लाळेरं पाहिलं, गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "दांत आवे छे, बेटा. एमां तो आवुं थाय." लेकीचे खांदे एकदम सैल झाले. घरातल्या सगळ्यांनाच हायसं वाटलं. बाहेर कंबरभर पाणी, सोसायटीची जमिनीतली टाकी त्या पाण्याखाली, आणि पोटात बिघडायचं कारण म्हणून आम्हाला सापडला होता तो अजून न दिसलेला दात. तेव्हा आई कॉटवरून उठली आणि ते बोलली.

तिचं बरोबरच होतं. पण पूर ओसरला, गाळ उपसून झाला, लेक पुण्याला गेली, तरी तो आवाज माझ्या कानातून जाईना. कारण बाळाच्या बाबतीत जुनं ते सगळं जपणारी घरात आईच आहे. नात आली त्या दिवशी तिने कपाटातून सहाण काढून धुतली होती. मुरडशेंग, जायफळ, वेखंड, हळकुंड यांचे किती वेढे द्यायचे ते तिच्या मनगटाला पाठ आहे. उष्टावण मुलीचं म्हणजे विषम महिन्यातच, म्हणून सातव्या महिन्यासाठी तिने पुण्याला तीनतीनदा फोन केले होते. नातीच्या मामाने, म्हणजे माझ्या मुलाने, त्यासाठी चांदीची वाटी घ्यायची, तीही घडियाळी पोळातल्या आमच्या नेहमीच्या सोनाराकडूनच, हा तिचाच हट्ट. वरचे दात आधी आले तर मामाला जड, हेही तीच सांगते, आणि सांगताना हसत नाही. अशी बाई दातांच्या नावावर एवढी का भडकावी?

त्या आधीचे काही आठवडे घरात दातांशिवाय दुसरा विषयच नव्हता. दात यायच्या आधी बाळ कसं सगळं तोंडाने बघायला लागतं! चादरीचं टोक, माझ्या बांगड्या, रिमोट, आईच्या चष्म्याची काडी, स्वतःच्या पायाचा अंगठा. लाळ तर अशी की हनुवटीखाली मानेच्या वळीत लाल पुरळ उठलं होतं. मऊ मलमलच्या तुकड्याने ते टिपायचं, पुसायचं नाही, हे लेकीला आईनेच शिकवलं. लाळेरी दोरीवर वाळत असायची, त्यांना दुधाचा आंबूस वास, आणि पावसाळ्यामुळे वाळूनही न वाळल्यासारखी. रात्री नात मध्येच किरकिर करत उठायची, कान ओढायची. लेक हात साबणाने धुऊन, तर्जनीला ओलं फडकं गुंडाळून तिच्या खालच्या हिरडीवरून हळूहळू फिरवायची. मग ती जी चावायची! दात नसलेल्या तोंडात एवढा जोर असतो हे मी विसरले होते. हिरडी चांगली टणक लागते, आणि तिच्याखाली आणखी काहीतरी टणक आहे हे बोटाला समजतं. सगळ्या घरात त्या एका जागेची वाट पाहणं चाललेलं असतं. प्रत्येक जण आपलं बोट घालून बघतो, आणि प्रत्येकाला वाटतं की आपल्याला लागला.

समोरच्या बांनी खारीक चघळायला द्या म्हणून सुचवलं होतं. लेकीने ऐकून घेतलं आणि दिली नाही. मला ते पटलं. खारकेचा काय, गाजराचा काय, तुकडा मोडून घशात अडकला तर पळापळ करायलाही वेळ मिळत नाही. फ्रिजमध्ये गार केलेला स्वच्छ फडक्याचा पीळ पुरतो. बाजारात हिरड्यांना लावायची बधिरपणाची जेल मिळतात, त्यांतल्या बेन्झोकेनमुळे लहान बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकदच कमी होऊ शकते, म्हणून ती लावू नयेत असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्पष्ट सांगितलेलं आहे. हे मी लेकीला वाचून दाखवलं, तेव्हा तिने आधीच वाचलेलं होतं. आजकालच्या आया पुष्कळ वाचतात.

नात गेल्यावर मीही वाचायला बसले. आईला थेट विचारायचा धीर होत नव्हता म्हणून असेल. आणि वाचता वाचता त्या इवल्या दाताचं मला अपार कौतुक वाटू लागलं. आपण म्हणतो सहाव्या-सातव्या महिन्यात दात आला. प्रत्यक्षात त्याची तयारी आईच्या पोटात, गर्भ जेमतेम सहा आठवड्यांचा असताना सुरू झालेली असते. चौदाव्या आठवड्याच्या आसपास पुढच्या दातांवर खनिजाचा पहिला थर बसू लागतो. मूल जन्माला येतं तेव्हा त्या बोळक्या दिसणाऱ्या तोंडात वीसही दुधाचे दात आत, हाडात, कमीअधिक घडलेले असतात, आणि पक्क्या दातांतली पहिली दाढ त्याच सुमाराला आकार घेऊ लागते. जन्माच्या वेळी बाळाच्या शरीराला जो हादरा बसतो त्याची एक बारीक रेघ या दातांच्या एनॅमलमध्ये उमटते. सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसते. रेघेच्या एका बाजूला आईच्या पोटात घडलेला दात, दुसऱ्या बाजूला आपल्या घरात, आपल्या हवेत, आपल्या दुधावर घडलेला. हे वाचून मी बराच वेळ पुढचं काही वाचलं नाही.

आणि तो दात हिरडी फाडून वर येतो, खिळ्यासारखा घुसतो, ही आपली कल्पनाही खरी नाही. दाताभोवती एक पातळ पिशवी असते. वाट करून देण्याचं काम ती करते. पुढचं हाड विरघळवणाऱ्या पेशींना ती बोलावून घेते, मागे नवं हाड भरत जातं, आणि दात त्या मोकळ्या झालेल्या वाटेने सरकतो. 1980च्या दशकात कुत्र्याच्या पिलांवर एक प्रयोग झाला. उगवणारा दात पिशवीतून काढून घेतला आणि त्याच्या जागी धातूची हुबेहूब प्रतिकृती ठेवली. पिशवी शाबूत होती, तर ती प्रतिकृतीही दातासारखीच हिरडीतून वर आली. पिशवी काढली तेव्हा मात्र दात जागचा हलला नाही. म्हणजे एवढी वर्षं आपण ज्याच्या नावाने बाळाचं सगळं दुखणं सांगत आलो, तो बिचारा बराचसा नेला जातो.

आधी खालचे मधले दोन, साधारण सहा ते दहा महिन्यांत. मग वरचे मधले, मग त्यांच्या बाजूचे. वर्ष उलटल्यावर पहिल्या दाढा, त्यानंतर सुळे, आणि दोन वर्षं होऊन गेल्यावर शेवटच्या दाढा. क्रम मागेपुढे झाला तरी बहुतेक वेळा काळजीचं काही नसतं, मामालाही नसतं.

मग दुखणी? लाळ, किरकिर, चावणं, हिरडीला सूज, जेवणावरची वासना कमी, अंग किंचित कोमट, एवढं दातांचं असू शकतं, तेही दात वर यायच्या आगेमागे चारेक दिवस. 38 अंश सेल्सियसच्या वरचा ताप, उलट्या, पाण्यासारखे जुलाब हे दातांचे नव्हेत. मग हे दोन्ही एकत्र का दिसतात? आईकडून पोटात मिळालेली प्रतिकारशक्ती सहा महिन्यांच्या सुमारास ओसरते. वरचं अन्न तेव्हाच सुरू होतं. मूल रांगायला लागतं, हाताला येईल ते तोंडात घालतं. हिरड्या शिवशिवत असतात म्हणून तर जास्तच घालतं. त्याच दिवसांत दात येतात. डोळ्यांना दिसतो दात, न दिसणारे जंतू सुटून जातात, आणि आळ दातावर येतो.

हा आळ फार जुना आहे, आपल्या एकट्या घरचा नाही. आयुर्वेदातल्या काश्यपसंहितेत दात येण्यावर स्वतंत्र अध्यायच आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दात फुटणं हे बाळाच्या सगळ्याच रोगांचं कारण म्हटलंय, ताप आणि जुलाब विशेष करून. पण तिथेच पुढे असंही आहे की या दुखण्यांत बाळाला फार जखडून टाकू नये, दात आले की ती आपोआप शमतात. तो सल्ला मला फार मायेचा वाटला. युरोपात तसं झालं नाही. 16व्या शतकात आंब्रोआज पारे या फ्रेंच शल्यविशारदाने हिरडी चिरून दाताला वाट करून द्यायची पद्धत सांगितली आणि ती पुढे तीनशे वर्षं चालली. 19व्या शतकातल्या लंडनच्या मृत्यूनोंदींत तान्ह्या मुलांच्या नावापुढे मृत्यूचं कारण म्हणून दात येणं असं लिहिलेलं सापडतं. दातांसाठी म्हणून ज्या पावडरी विकल्या जात त्यांत पारा असे. त्या पावडरींनी मुलांचे हातपाय गुलाबी होऊन सोलले जात, केस गळत, कित्येक मुलं दगावली. 1950च्या दशकात तो पारा बंद झाला आणि तो आजारच जवळजवळ नाहीसा झाला. दात कधीच मारत नव्हते. मारत होतं दुसरंच काही, आणि काही वेळा तर दातांवरचा उपाय.

हे सगळं मी एका संध्याकाळी आईला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. तिने पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "माझा भाऊ त्यातच गेला. दातांवर गेला म्हणायची तुझी आजी."

मामा लहानपणीच गेला एवढं मला माहीत होतं. दांडिया बाजारातल्या आजीच्या वाड्यात हा विषय निघाला की "तो दातांवर गेला" एवढं एकच वाक्य असायचं, आणि ते झालं की आजी दुसरं काही काम काढायची. आईने त्या दिवशी पहिल्यांदा पुढचं सांगितलं. साल 1953 असावं. ती सात वर्षांची. भाऊ दहा-अकरा महिन्यांचा, खालचे दोन दात आलेले आणि वरचे येऊ घातलेले. तिच्या बोटाला तो चावायचा आणि ती ओरडली की खदखदून हसायचा. म्हणून ती मुद्दाम बोट पुढे करायची आणि मुद्दाम ओरडायची. उन्हाळ्यातल्या एका दिवशी त्याला जुलाब लागले. वाड्यात सगळ्या जाणत्या बायका. दात येताहेत, होणारच. आणि जुलाब लागले की पाणी तोडायचं, ही तेव्हाची घरोघरची रीत. पाणी दिलं की पुन्हा होतं, हे तर डोळ्यांसमोर दिसतच असे. दूधही थांबवलं. तो वाटीकडे बघून हात करायचा, असं आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्याची टाळू खोल गेली. आजीने तिच्यावर तेल भरलं, पुन्हा पुन्हा भरलं. रडत होता पण डोळ्यांत पाणी नव्हतं. "मला वाटलं तो खोटं रडतोय," आई म्हणाली, "माझ्यासारखं." वैद्य आणायला आजोबा गेले, ते परत येईपर्यंत सगळं संपलेलं होतं.

शेंगांची टरफलं तिने ताटाच्या एका कडेला लावून ठेवली होती, सरळ रांगेत.

मला एक जुना प्रसंग आठवला. मी दहाएक वर्षांची असेन. माझा धाकटा भाऊ तेव्हा वर्षाचाही नव्हता, त्याला जुलाब होत होते, आणि आई मांडी घालून बसून त्याला चमच्या-चमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजत होती. आजी आमच्याकडे आली होती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होती. "एवढं पाणी देतेस? पुन्हा होईल ना त्याला," ती म्हणाली. आई म्हणाली, "होऊ दे. डॉक्टरांनी सांगितलंय." आजी तिथेच उभी राहिली. चमचा वाटीत जायचा, भावाच्या तोंडात जायचा, पुन्हा वाटीत. भाऊ दोन दिवसांत खेळायला लागला. त्या वेळी मला त्यात विशेष काही दिसलं नव्हतं. आता ते दोघींचे चेहरे मी आठवू पाहते, तर आईचा आठवतो, आजीचा आठवत नाही. दारातून मागून उजेड येत होता म्हणून असेल.

त्या पाण्याची गोष्टही तेव्हा फार जुनी नव्हती. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली, सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून पिंपांमधून लोकांना प्यायला दिलं. पाजायचं काम नातेवाइकांनीच केलं. जिथे 30 टक्क्यांच्या आसपास रोगी दगावत होते, तिथे हे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. जुलाब चालू असतानाही साखरेच्या सोबतीने मीठ आतड्यातून आत शिरतं, आणि त्याच्या मागोमाग पाणी. एवढंच त्याचं इंगित. माझा मामा गेला त्यानंतर अठरा वर्षांनी हे घडलं. पण मीठ, साखर आणि पाणी तर दांडिया बाजारच्या त्या स्वयंपाकघरातही होतंच.

"आजीला तू कधी सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

"काय सांगू?" आई म्हणाली. "की तो दातांवर गेला नाही, तहानेनं गेला? पाणी कुणी तोडलं होतं?"

यावर मला बोलण्यासारखं काही सुचलं नाही, आणि अजूनही सुचलेलं नाही. वाचून माझी खात्री झालीय की दातांचं नाव घेणं धोक्याचं आहे, ते घेतलं की मोजायचं राहून जातं. पण आजीने चाळीसेक वर्षं तेच नाव धरून दिवस काढले. आणखी तीन मुलं वाढवली, त्यांच्या प्रत्येक दाताची वाट पाहिली, नातवंडांची उष्टावणं केली. दात कुणाच्याच हातात नसतो. पाण्याची वाटी हातात असते. आईला हे कळत होतं, आणि ती आजी असेपर्यंत गप्प राहिली. आजीच्या देखत कुणी "दातांवर गेला" म्हटलं तर मान हलवत राहिली. त्या दारातल्या उभ्या राहण्यात आजीला काही कळलं होतं का, हेही मी आईला विचारलं. "ती नंतरही तेच म्हणायची," एवढंच तिने सांगितलं. मला ते उत्तर पुरेसं वाटत नाही, पण ती दुसरं देणार नाही.

पुराच्या त्या रात्री आईने नातीचा डायपर काढून साधा लंगोट बांधायला लावला. शी किती वेळा, शू किती वेळा, ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने रेघा मारून लिहायचं. गॅस होता हे नशीब. पाणी उकळून निववलं, लेकीच्या बॅगेत ओआरएसचं पाकीट होतं, ते लिटरभर पाण्यात कालवलं, आणि प्रत्येक पातळ शीनंतर अर्धी-पाऊण वाटी, चमच्या-चमच्याने. अंगावरचं दूध चालूच. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू. मेणबत्तीच्या उजेडात आई दर तासाला नातीच्या टाळूवरून हलक्या हाताने बोटं फिरवून बघत होती. तेल मात्र तिने भरलं नाही. समोरच्या बा रात्रभर आमच्याकडेच बसल्या. दात, दात म्हणायचं त्यांनी सोडलं नाही, पण चमचा हातात घेऊन पहाटेपर्यंत पाजलं त्यांनीच. तिसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर डॉक्टरांकडे नेलं. नात हसत होती. त्यांनी ओआरएस चालू ठेवायला सांगितलं आणि झिंकचं औषध लिहून दिलं, चौदा दिवसांचं.

दात त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आला. पुण्याला असताना, मऊ भात भरवताना चांदीच्या वाटीवर टक्क वाजलं, असं लेकीने फोनवर सांगितलं. व्हिडिओ कॉलवर तिने नातीचा खालचा ओठ ओढून दाखवला. तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक. आईने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"खालचाच आहे ना?" तिने विचारलं. मग लगेच, "आणि झिंक पूर्ण चौदा दिवस दिलंत का? मधेच सोडलं नाहीत ना?" लेक म्हणाली, दिलं. "बाटली दाखव," आई म्हणाली.

लेकीने आत जाऊन बाटली आणून दाखवली.